ऑब्सिडियनमध्ये मराठी नोंदी: कंस उमटत नाहीत, शोध अर्धाच लागतो, नक्की कुठली सेटिंग बदलू?

वाडीवाला विचारतो:

विंडोज ११ चा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन, दोन्हीकडे ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप आहे. व्हॉल्टमध्ये, म्हणजे नोंदींच्या मुख्य फोल्डरमध्ये, सहाशेच्या आसपास नोंदी, जवळजवळ सगळ्या मराठीत. गिरगाव, काळबादेवी, फोर्ट, परळ इथल्या इमारती, वाड्या, जुनी स्टेशनं, अशी हेरिटेज वॉकची सामग्री आहे. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड, फोनवर जीबोर्डची मराठी. दोन्हीकडच्या फाइली जुळत्या ठेवायला सिंकथिंग.

अडचणी अशा:

१. लॅपटॉपवर मराठी चालू असताना लिंकसाठी चौकोनी कंस दाबले की «डड» उमटतं. दर वेळी भाषा बदलून परत यायचं, त्यात टंकायची लय जाते.

२. शोधात «ॲ» असलेले शब्द अर्धेच सापडतात. नोंद समोर उघडी आहे, शब्द डोळ्यांना दिसतोय, तरी शोध म्हणतो सापडला नाही.

३. काही नोंदी फोनवर पोचतच नाहीत. लहान नोंदी पोचतात, त्यामुळे जोडणी ठीक असावी.

४. अक्षरं दाटीवाटीने दिसतात. उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना टेकतात.

५. लिंकवर क्लिक करून नवी नोंद केली की ती व्हॉल्टच्या अगदी बाहेरच्या पातळीवर जाऊन पडते, चालू फोल्डरमध्ये नाही.

सेटिंग्जमध्ये शोधून झालं, पण भाषेसंबंधी तिथे फारसं काही दिसलं नाही. प्लगिन कमीत कमी वापरायची इच्छा आहे.

---

तिसरा_फलाट यांचं उत्तर:

पाचवी अडचण दोन क्लिकची आहे, ती आधी उरकून टाका. सेटिंग्ज, फाइल्स अँड लिंक्स, तिथे «डिफॉल्ट लोकेशन फॉर न्यू नोट्स». त्यात «सेम फोल्डर ॲज करंट फाइल» निवडा. त्याच पानावर जोडलेल्या फोटोंसाठी वेगळी ओळ आहे, तिथे «सबफोल्डर अंडर करंट फोल्डर» निवडून नाव «फोटो» द्या. म्हणजे गिरगावचे फोटो गिरगावच्याच पोटात राहतील.

आता कंस. हा इनस्क्रिप्टच्या मांडणीचा परिणाम आहे. इनस्क्रिप्टमध्ये उघडत्या चौकोनी कंसाच्या कळीवर ड आहे, बंद कंसाच्या कळीवर नुक्ता, त्यापलीकडच्या उलट्या तिरप्या रेघेवर ॉ. म्हणून दोनदा दाबलं की डड. मार्कडाउनला, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर सजवायच्या पद्धतीला, लागणारी बाकीची चिन्हंही अशीच गेलेली आहेत: शिफ्ट आणि ३ वर # ऐवजी रफार-रकारातला ्र येतो, शिफ्ट आणि ८ वर * ऐवजी श्र, आणि उभी रेघ | मागितली की ऑ. ऑब्सिडियनला यातलं काही कळत नाही, त्याच्यापर्यंत अक्षर पोचतं ते ड म्हणूनच.

उपाय म्हणजे चिन्हं टंकायचीच नाहीत, आज्ञेने घालायची. सेटिंग्जमध्ये हॉटकीज उघडा आणि फंक्शन कळा नेमा, कारण त्या कुठल्याही भाषेत त्याच राहतात:

एफ६ ला «ॲड इंटर्नल लिंक»
एफ७ ला «सेट ॲज हेडिंग २»
एफ८ ला «टॉगल हायलाइट»
एफ९ ला «ॲड टॅग»

आज्ञेचं नाव वरच्या पेटीत इंग्रजीत टंका, समोरच्या अधिक चिन्हावर क्लिक करा, कळ दाबा. ती कळ आधीच कुणाकडे असेल तर ओळ लाल दिसते. एफ२ ला हात लावू नका, तिच्यावर नोंदीचं नाव बदलण्याची आज्ञा आहे आणि ती पुढे लागेल. वरच्या ओळीतल्या कळा आवाज आणि उजेडासाठी राखलेल्या असतील तर एफएन धरून दाबाव्या लागतील. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की फंक्शन कळा कायमच्या मोकळ्या होतात.

शब्द आधी निवडून एफ६ दाबलं तर त्याच्याभोवती कंस पडतात. मराठीत हीच सवय लावून घ्या. कारण पुढची गंमत विभक्तीची आहे.

[[दादर]]ला, [[परळ]]चा, [[मुंबई]]त हे बरोबर उमटतं. प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो, तो कंसाबाहेर उभा राहू शकतो. पण «गिरगावात» लिहिताना [[गिरगाव]] च्या बाहेर ात राहिलं तर त्या कान्याला धरायला अक्षरच नाही. तिथे ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेला काना दिसतो. ठळक अक्षरांचंही तेच, **गिरगाव** झाल्यावर बाहेर काना टाकता येत नाही. आणि ठाणे, पुणे, वाडा असे शब्द तर मुळातच बदलतात: ठाण्याला, वाड्यात.

अशा वेळी लिंकच्या पोटात उभी रेघ द्यावी लागते, [[गिरगाव|गिरगावात]]. ती रेघ इनस्क्रिप्टमध्ये नाही. त्यातून सुटायचे तीन रस्ते. विंडोज कळ आणि स्पेस दाबून भाषा बदला, हा नेहमीचा. नंबरपॅड असेल तर ऑल्ट धरून १२४ दाबा, भाषा कुठलीही असो, रेघ येते. तिसरा रस्ता उत्तम: नोंदीच्या गुणधर्मांत (प्रॉपर्टीज) «अलायसेस», म्हणजे पर्यायी नावं, या नावाखाली गिरगावात, गिरगावच्या अशी नेहमी लागणारी रूपं टाकून ठेवा. मग लिंक घालताना सूचनेच्या यादीत ते रूप दिसतं, त्यावर एंटर दाबलं की ऑब्सिडियन रेघेसकट सगळं स्वतःच लिहितं.

सगळ्या सहाशे नोंदींना रूपं देत बसू नका. ज्या वीस-पंचवीस जागा रोज येतात तेवढ्यांना द्या.

---

काना_मात्रा यांचं उत्तर:

शोधाचं सांगते. ही अडचण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या व्हॉल्टमध्ये असते, फक्त लक्षात येत नाही.

«ॲ» दोन प्रकारे साठवता येतो. एक, युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर ॲ. दोन, अ हे अक्षर आणि त्यावर वेगळा चंद्र: अॅ. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र पहिलं एक चिन्ह आहे आणि दुसरं दोन चिन्हांची जोडी. शोध चिन्हं जुळवतो, आकार नाही. त्यामुळे ॲडव्होकेट एका कीबोर्डने लिहिला आणि दुसऱ्या कीबोर्डने शोधला तर तो तुमच्या नाकासमोर असूनही सापडणार नाही.

ओळखायची सोपी खूण: कर्सर त्या अक्षराच्या लगेच मागे ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. अख्खं अक्षर गेलं तर एकसंध ॲ. फक्त चंद्र गेला आणि अ उरला तर जोडी. कंट्रोल आणि झेडने परत आणा.

ऑ चं तसंच: एकसंध ऑ, किंवा आ वर चंद्र. आणि सगळ्यात लबाड प्रकार ऱ्य चा. «फेऱ्या», «पायऱ्या», «किनाऱ्यावर», तुमच्या नोंदींत हे शब्द रेलचेल असणार. हा र तीन प्रकारे साठतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, साधा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून येतो तो पहिला, आणि तोच ठेवावा.

तात्पुरतं काम चालवायचं तर शोधात दोन्ही रूपं लिहून मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत ओआर टाका. कायमचं निस्तरायचं तर पुढचा क्रम पाळा. क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केला तर लिंका तुटतात.

आधी सिंकथिंग थांबवा आणि अख्ख्या व्हॉल्ट फोल्डरची झिप करून बाजूला ठेवा.

मग फाइल्स अँड लिंक्समध्ये «ऑटोमॅटिकली अपडेट इंटर्नल लिंक्स» चालू आहे ना ते बघा. आता ज्या नोंदींच्या नावातच जोडीचा अॅ किंवा वेडावाकडा ऱ्य आहे, त्या ऑब्सिडियनमध्येच उघडून एफ२ ने नाव नव्याने टंका. ऑब्सिडियन त्या नावाच्या सगळ्या लिंका दुरुस्त करेल.

नावं संपली की मगच आतला मजकूर. ऑब्सिडियनमध्ये सगळ्या व्हॉल्टभर शोधून बदलण्याची सोय मुळात नाही. ऑब्सिडियन बंद करा, व्हीएस कोड या मजकूर संपादकात व्हॉल्टचं फोल्डर उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एच. «फाइल्स टू इन्क्लूड» मध्ये तारांकन, टिंब आणि एमडी एवढंच द्या, म्हणजे सेटिंगच्या फाइलींना धक्का लागणार नाही. वरच्या पेटीत जोडीचा अॅ नोंदीतूनच कॉपी करून चिकटवा, खालच्या पेटीत एकसंध ॲ. स्वतः टंकू नका, तुमचा कीबोर्ड कुठला देतो त्याचा भरवसा नाही. किती ठिकाणी सापडलं तो आकडा दिसेल, चार-पाच जागा वाचून बघा, मग सगळे बदला. ऑ आणि ऱ्य साठी हेच पुन्हा.

मजकूर आधी बदललात तर लिंकेतलं नाव नवं होतं आणि फाइलीचं जुनंच राहतं. मग लिंक फिकट दिसू लागते, क्लिक केलं की त्याच नावाची दुसरी रिकामी नोंद तयार, आणि दोन्ही डोळ्यांना अगदी सारख्या. ते निस्तरणं फार कटकटीचं.

याच फेरीत विसर्गही बघून घ्या. बरेच जण विसर्गाच्या जागी कोलन टाकतात: नि:शुल्क. वाचताना फरक कळत नाही. पण टॅगमध्ये कोलन चालत नाही, त्यामुळे #नि:शुल्क लिहिलंत तर टॅग «नि» वरच संपतो आणि टॅगांच्या यादीत «नि» नावाचं काहीतरी विचित्र दिसतं. नोंदीच्या नावात तर कोलन घालूच देत नाही, चूक दाखवतं. खरा विसर्ग इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि आडव्या रेघेच्या कळीवर आहे. #निःशुल्क सरळ चालतो.

---

वाडीवाला:

बॅकस्पेसची खूण करून पाहिली. लॅपटॉपवरच्या नोंदींत एकसंध आहे, फोनवरून आलेल्यांत दोन्ही प्रकार सापडले. म्हणजे गोंधळ फोनकडचा. नावं बदलायला घेतली आहेत, सत्तर-ऐंशी निघतील.

फोनवर न पोचणाऱ्या नोंदींचं मात्र अजून कळलेलं नाही. सिंकथिंगमध्ये «फेल्ड आयटम्स» खाली अकरा फाइली आहेत. त्या सगळ्यांची नावं लांबलचक आहेत, एवढंच त्यांच्यात समान दिसतं.

---

बारा_डबा यांचं उत्तर:

तेच कारण आहे. नाव लांब झालं.

विंडोजवर फाइलीच्या नावाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे. अँड्रॉइडवर ती २५५ बाइटची. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजायचे. «चिंचपोकळी» लिहिताना पाच अक्षरं दिसतात: च, ि, ं, च, प, ो, क, ळ, ी, म्हणजे नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट. शेवटच्या टिंब-एमडीचे तीन बाइट वजा करा, देवनागरीची जेमतेम ८४ चिन्हं उरतात. जोडाक्षरांनी भरलेलं एक वाक्य नाव म्हणून दिलं की संपलं. विंडोज हसत हसत साठवतं, फोन घेत नाही.

अशी नावं शोधायला: शोधपेटीत फाइल हा शोधशब्द इंग्रजीत, त्याला लागून कोलन, मग दोन तिरप्या रेघांच्या मध्ये एक टिंब आणि महिरपी कंसात ७० व त्यापुढे स्वल्पविराम. आकडेही इंग्रजीच टाका. सत्तर किंवा जास्त चिन्हांची सगळी नावं निघतील. ८४ पर्यंत चालतं तर ७० का, तर सिंकथिंगमध्ये दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाला की ते नावाच्या शेपटीला तारीख, वेळ आणि यंत्राची खूण जोडून दुसरी प्रत करतं. तेवढी जागा राखून ठेवा. छोटं नाव द्या आणि लांब वाक्य नोंदीच्या पहिल्या ओळीत टाका.

सिंकथिंगबद्दल अजून चार गोष्टी, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

अँड्रॉइडचं मूळ सिंकथिंग ॲप डिसेंबर २०२४ नंतर पुढे नेलेलं नाही. अजून तेच असेल तर सिंकथिंग-फोर्क घ्या.

ऑब्सिडियनची सेटिंग व्हॉल्टमधल्याच एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, नावाची सुरुवात टिंबाने. त्यात वर्कस्पेस नावाच्या दोन जेसॉन फाइली आहेत, एक संगणकाची आणि एक मोबाइलची. कुठले टॅब उघडे आहेत ते त्यांत लिहिलेलं असतं, म्हणून त्या क्लिकागणिक बदलतात आणि त्यांच्याच प्रती साचत राहतात. सिंकथिंगच्या फोल्डरमध्ये «इग्नोर पॅटर्न्स» खाली या दोन फाइलींची नावं टाका, दोन्ही यंत्रांवर. एकीकडचं दुर्लक्ष दुसरीकडे आपोआप पोचत नाही.

फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये सिंकथिंगला «अनरिस्ट्रिक्टेड» ठेवा. नाहीतर पडदा बंद झाला की अँड्रॉइड त्याला झोपवतं. शिवाय दोन्ही यंत्रं एकाच वेळी जागी लागतात, मध्ये कुठला सर्व्हर नाही. लॅपटॉप झाकून ठेवलात आणि दादरहून फोनवर लिहिलंत, तर ते झाकण उघडेपर्यंत फोनमध्येच राहणार.

व्हॉल्ट फोनवर बनवताना «ॲप स्टोरेज» निवडलं गेलं असेल तर ते आधी बदला. ॲप काढून टाकलं की त्याच्या पोटातल्या नोंदीही जातात. «डिव्हाइस स्टोरेज» मध्ये, डॉक्युमेंट्सखाली फोल्डर ठेवा. सिंकथिंगलाही तेच दिसतं.

आणि फोनवर सेटिंग वेगळी हवी असतील, म्हणजे अक्षरं मोठी, प्लगिन कमी, तर फाइल्स अँड लिंक्समध्ये अगदी खाली «ओव्हरराइड कॉन्फिग फोल्डर» आहे. फोनवर तिथे टिंबाने सुरू होणारं दुसरं नाव द्या. नोंदी एकच, सेटिंग दोन. नवं फोल्डर कोरं असतं, हॉटकी आणि प्लगिन पुन्हा लावाव्या लागतात, हे धरून चाला.

---

शाईपेन यांचं उत्तर:

अक्षरांच्या दाटीचं कुणी सांगितलं नाही म्हणून.

सेटिंग्ज, ॲपिअरन्स, तिथे «टेक्स्ट फॉन्ट» समोर मॅनेज. इथे एकापेक्षा जास्त फॉन्ट क्रमाने देता येतात. पहिला इंग्रजीसाठी, ज्यात देवनागरी नाही असा, दुसरा मराठीसाठी. पहिल्यात अक्षर सापडलं नाही की ऑब्सिडियन दुसऱ्याकडे जातं. उलटं केलंत तर मराठी फॉन्टमधली इंग्रजी अक्षरंच सगळीकडे दिसतील. काहीच निवडलं नाही तर विंडोजवर देवनागरी सहसा निर्मला यूआयमध्ये उमटते. वाचायला वाईट नाही, पण ल आणि श हिंदी वळणाचे. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. त्यात मराठी वळणं मुळातच आहेत. काही फॉन्टांत ती असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी खूण असली तरच जागी होतात, आणि ऑब्सिडियन नोंदीला तशी खूण देत नाही. पडद्यावर तासन्तास वाचायचं तर मुक्ता बरी, आपल्या मुंबईच्याच एक टाइपची. तिची अक्षरं मोकळी आणि सरळ, छोट्या आकारातही जोडाक्षर गिळत नाही.

फॉन्ट विंडोजमध्ये बसवताना उजवं क्लिक करून «इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स» निवडा आणि ऑब्सिडियन पूर्ण बंद करून उघडा, नाहीतर यादीत लगेच दिसत नाही.

पण खरी दाटी ओळींच्या अंतराची आहे, फॉन्टची नाही. मुळात हे अंतर अक्षराच्या दीडपट असतं. रोमन लिपीला पुरतं. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार-रकार, त्यामुळे मला १.७५ खाली चालत नाही. ॲपिअरन्समध्ये याची पट्टी नाही. प्लगिन टाळायचं तर सीएसएस स्निपेट (दिसणं बदलणारी छोटी फाइल) लिहावं लागतं. मिनिमल थीम घेतलीत तर तिच्या जोडीच्या मिनिमल थीम सेटिंग्ज प्लगिनमध्ये «लाइन हाइट» आहे, तिथे आकडा टाकला की झालं. या एकासाठी प्लगिन न वापरण्याचा नियम मोडा असं मी म्हणेन.

फोनवर फॉन्टच्या मागे लागू नका. अँड्रॉइडवर बाहेरचा फॉन्ट ऑब्सिडियनपर्यंत पोचवणं खटपटीचं आहे आणि तिथली मूळ नोटो देवनागरी पुरेशी स्वच्छ आहे. फक्त आकार वाढवा.

एक मतभेद. तिसरा_फलाट यांनी हायलाइटला कळ दिली आहे. मराठीत ठळक आणि हायलाइट दोन्ही जपून. **(जुनी हद्द)** सारखं कंसाला लागून तारांकन बंद केलं आणि पुढे लगेच «त» किंवा «ला» आला तर मार्कडाउनच्या नियमाने ते तारांकन बंद होत नाही, तसंच उघडं दिसतं, कारण त्याच्या अलीकडे विरामचिन्ह आणि पलीकडे अक्षर आहे. तारांकनं कंसाच्या आत न्या, नाहीतर प्रत्ययही ठळक करून टाका. तिरप्या अक्षरांसाठी अधोरेषा वापरत असाल तर ती शब्दाच्या मध्ये चालतच नाही, प्रत्यय जोडला की गेली.

---

दुपारचा_चहा यांचं उत्तर:

आकड्यांचं राहिलं. «१.» असं देवनागरीत लिहिलं की क्रमांकित यादी होत नाही, मार्कडाउन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. एंटर दाबल्यावर पुढचा आकडा आपोआप येत नसेल तर कारण हेच. इंग्रजीत १ टाका. वाचताना देवनागरी दिसायला हवे असतील तर स्निपेटमध्ये यादीची शैली «देवनागरी» करता येते, ब्राउझरच्या इंजिनात ती तयार आहे. संपादन करताना मात्र इंग्रजीच दिसतात.

तारखेचंही तसंच. गुणधर्मात तारीख या प्रकाराला इंग्रजी आकडेच लागतात. रोजनिशीच्या नोंदीचं नाव डेली नोट्स प्लगिनमध्ये वर्ष-महिना-दिवस असंच ठेवा: वाय चार वेळा, एम दोन, डी दोन, मध्ये आडव्या रेघा. दिवस आधी ठेवला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकाखाली एक येतात. तिरपी रेघ घातली तर मात्र फोल्डर तयार होतं, ते मुद्दाम वापरता येतं: वर्ष, तिरपी रेघ, मग पूर्ण तारीख, म्हणजे दर वर्षाचं वेगळं फोल्डर.

---

वाडीवाला:

अकराही फाइली पोचल्या. नावं छोटी केली, आणखी काही करायलाच लागलं नाही. ओळींचं अंतर १.८ ठेवलंय.

दोन प्रश्न उरले. एक, स्टेशनांची नावं बदलत आली आहेत आणि जुन्या कागदांतून उतरवलेल्या नोंदींत जुनीच आहेत. नोंद कुठल्या नावाने ठेवू? दोन, लोकलमध्ये उभ्याने एका हाताने फोनवर टिपायचं असतं, तिथे फंक्शन कळा नाहीत.

---

तिसरा_फलाट:

नोंदीचं नाव आजचं अधिकृत ठेवा आणि बाकी सगळी अलायसेसमध्ये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नोंदीला: सीएसएमटी, सीएसटी, व्हीटी, व्हिक्टोरिया टर्मिनस. प्रभादेवीला एल्फिन्स्टन रोड. क्विक स्विचरमध्ये, म्हणजे कंट्रोल आणि ओ, «व्हीटी» टंकलं तरी तीच नोंद उघडते.

मग सीएसएमटीची नोंद उघडून उजवीकडच्या बॅकलिंक्समध्ये «अनलिंक्ड मेन्शन्स» बघा. ज्या नोंदींत नुसतं व्हीटी लिहिलंय पण लिंक नाही त्या तिथे येतात, आणि समोरच्या «लिंक» वर क्लिक केलं की जागच्या जागी [[छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस|व्हीटी]] असं होतं. जुन्या कागदातला शब्द तसाच राहतो.

बोरीबंदर मात्र या यादीत घालू नका. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची गाडी सुटली ती बोरीबंदरहून, आताची इमारत १८८८ ची. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नोंदीही दोन असू द्या आणि एकमेकींना लिंक करा. नाव बदलल्याची वर्षं, १९९६ आणि २०१७, नोंदीच्या आत लिहा. अलायसमध्ये वर्ष टाकलंत तर ते मजकुरात कधीच जुळणार नाही.

फोनवर कळांऐवजी कीबोर्डच्या वरची पट्टी. मोबाइल सेटिंग्जमध्ये टूलबारची यादी असते, तिथून नको ते काढा आणि पहिल्या चार जागी ॲड इंटर्नल लिंक, ॲड टॅग, अनडू आणि इन्सर्ट अटॅचमेंट ठेवा. पट्टी सरकवावी लागली की एका हाताचं काम संपलं, म्हणून चारच. आणि «क्विक ॲक्शन» ला आजची डेली नोट उघडण्याची आज्ञा द्या. नोंदीवर बोट वरून खाली ओढलं की ती उघडते.

---

बारा_डबा:

त्यात एक भर. लोकलमध्ये फोनवर आणि घरी लॅपटॉपवर तीच डेली नोट उघडी राहिली तर सिंकथिंग दुसरी प्रत करणार. फोनवरच्या टिपणांसाठी डेली नोट न वापरता «क्रिएट न्यू नोट» ला क्विक ॲक्शन द्या, आणि फोनवरच्या वेगळ्या कॉन्फिगमध्ये नव्या नोंदींची जागा «आवक» नावाचं फोल्डर ठेवा. घरी आल्यावर तिथून उचलून योग्य जागी टाकायच्या. प्रत झालीच तर घाबरून काही पुसू नका. फाइल रिकव्हरी हे आतलंच प्लगिन चालू असेल तर दर पाच मिनिटांनी नोंदीची आधीची अवस्था जपतं, सात दिवसांपर्यंत, पण ज्या यंत्रावर लिहिलं त्याच यंत्रावर बघायचं.

---

वाडीवाला:

«आवक» केलं. फोनवर एक अडलं: ॲड इंटर्नल लिंक दाबलं की कंस येतात, पण यादीत व्हीटी दिसत नाही, लॅपटॉपवर दिसतं.

---

काना_मात्रा:

व्हीटीतला व्ही फोनवर कसा उमटतोय ते बघा. जीबोर्डने ह ला दीर्घ ई ऐवजी ऱ्हस्व दिली असेल, व्हिटी. दोन्ही अलायसमध्ये टाका. ते नसेल तर त्या नोंदीतल्या, गुणधर्म जिथून सुरू होतात त्या तीन आडव्या रेघा अगदी पहिल्या ओळीवर आहेत ना ते फोनवरच उघडून बघा; वर एक रिकामी ओळ जरी आली तरी गुणधर्म वाचले जात नाहीत आणि अलायसही जातात.

---

वाडीवाला:

रिकामी ओळच होती. काढली, आलं.